तबकडीला लावलेलं कुंकू

पार्सल फोडल्याफोडल्या हौसाबाईंनी गाण्याच्या नव्या तबकडीला हळदीकुंकू लावलं. नवी वस्तू घरात आली की पहिला मान हळदीकुंकवाचा, मग तो ट्रॅक्टर असो की गेलेल्या पोराचं काळीज.

"आत्याबाई, खाच बुजली की!" सून केतकी ओरडली.

"आवाज खाली. कुंकवानं कुणाचं वाटोळं होत नसतं."

हौसाबाईंचा गेलेला पोरगा श्रीपती पार्ट्यांत गाणी वाजवायचा. दवाखान्यात टिपलेले त्याच्या काळजाचे शेवटचे ठोके मित्रांच्या छोट्याशा कंपनीनं नाचाच्या गाण्याखाली ताल म्हणून बसवले होते. माणसाचे ठोके एकाच तबकडीत उतरत, नक्कल निघत नसे.

त्याच्या गाण्यांना जन्मभर 'डबडी' म्हणणाऱ्या हौसाबाई स्पीकरला कान लावून बसल्या. ठोके आले, चांगले दणदणीत. मग कुंकवापाशी सुई अडकली आणि तोच एक ठोका पुन्हा पुन्हा वाजू लागला.

केतकीनं हात पुढे केला. "उचलते. एकाच जागी घासली तर ठोका झिजून जाईल."

"आणि पुढं गेली तर?"

"पुढं... गाणं संपतं."

"म्हणजे पुन्हा जाणार तो. हात लावशील तर बघ!"

केतकी खाली बसली. दोघी ऐकत राहिल्या. दिवेलागणीपर्यंत ठोका इतका बारीक झाला, की हौसाबाईंनी पंखा बंद करायला लावला.