अंजिराची पानं

नोकरी गेल्याचं त्यानं घरी सांगितलंच नव्हतं. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट चढवून, डबा घेऊन तो वेळेवर बाहेर पडायचा आणि बागेतल्या बाकावर कसाबसा दिवस ढकलायचा. दुपारी बायकोचा फोन यायचा.

"कुठे आहेस?"

"कुठे असणार? ऑफिसात!"

शनिवारी संध्याकाळी लेक चर्चच्या रविवारच्या शाळेसाठी चित्र रंगवत होती. देवानं मना केलेलं फळ खाल्ल्यावर अंगाला अंजिराची पानं गुंडाळून बागेतल्या झाडांमागे लपलेले आदाम आणि हव्वा.

"आई, देवाला तर सगळं दिसतं ना? मग त्यानं 'आदामा, तू कुठे आहेस?' असं का विचारलं?"

बायको त्याच्याच शर्टाला इस्त्री करत होती. तिनं मान वर केली नाही.

"दिसत होतं गं त्याला. पण आदामानं आपल्या तोंडानं सांगावं, एवढंच हवं होतं."

त्यानं चहाचा कप तसाच खाली ठेवला.

सोमवारी दुपारी फोन वाजला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

"कुठे आहेस?"

त्यानं मांडीवरचा डबा बाजूला ठेवला. ती फोन धरून होती.

"बागेत," तो म्हणाला. "झाडाखाली बसलोय."