बापाचा किमोनो

चोचीत किडे धरून ते दोन पक्षी दगडी भिंतीपुढे नुसते उड्या मारत होते. आत शिरत नव्हते.

म्हाताऱ्या तोकिचीने पाठीवरचं ओझं उतरवलं. करडी छाती, कुशीला तांबूस पट्टे, गळ्यावर पांढरे ठिपके. खडकांच्या फटींत घरटी करणारे इवाहिबारीच. या कड्यावरच्या विश्रामगृहाला तांदूळ-मिसो वाहण्यात त्याचा जन्म गेला होता. हे पक्षी त्याच्या पायाशी येऊन दाणे टिपत. ते माणसांना बिचकून थांबणारे नव्हेत.

“इथली फट कुणी बुजवली?”

“मी,” इनाबा म्हणाला. “वारा येत होता. म्हटलं, मुलीकडे आलोय, तर थोडा हातभार लावावा.”

“हातभार! पिल्लं जिवंत गाडलीत की!”

तोकिची गुडघ्यांवर बसला आणि दगड उपसू लागला. मुलगी म्हणजे सायो, या विश्रामगृहाची मालकीण. तिच्या जन्माआधीच इनाबा डोंगर उतरून निघून गेला होता. तिच्या आईशी लग्न करून तिला वाढवलं ते तोकिचीने. आता शरदात सायोचं लग्न होतं, आणि इनाबा परवा अचानक उगवला होता. आज ओझ्यावर एक गाठोडं होतं. शिंपी म्हणाला होता, “नवरीच्या बापाचा किमोनो आहे. जपून न्या.” कोणत्या बापाचा, हे विचारायचं त्राण तोकिचीत उरलं नव्हतं.

फट मोकळी झाली. आतून चिवचिवाट आला. एक पक्षी आत जाऊन आला, मग दुसरा.

“दोघंही नरच वाटतात. यातला बाप कोणता?” इनाबाने विचारलं.

“यांच्यात एका मादीला दोन-तीन नर असतात. बाप कोण, ते त्यांनाही ठाऊक नसतं. दोघंही भरवतात.”

 मग तोकिचीने गाठोडं सोडून काळा किमोनो त्याच्यापुढे धरला.

“घ्या, घालून बघा. मी काही लग्नाला खाली उतरत नाही. गुडघे गेलेत माझे.”

इनाबाने हात घातले. किमोनो दोन्ही खांद्यांवरून खाली ओघळला.

“शिंप्याने माप चुकवलंय,” तो म्हणाला.

चहा घेऊन आलेली सायो दारातच थांबली.

“नाही चुकवलं. जन्मभर ओझी वाहिलेल्या खांद्यांचं माप मीच दिलं होतं त्याला. बाबा, तुम्ही उभे राहा बघू.”