कोरडा हात

पाद्रीबाबांनी बाळाला दगडी कुंडातल्या पवित्र पाण्यात बुडवलं, पण बाळाच्या बापाने, सरहद्दीवरच्या एका इंग्रज सरदाराने, त्याचा उजवा हात मनगटाशी धरून वरच ठेवला. चिमुकल्या मुठीवर त्याने थेंबही पडू दिला नाही.

"हात कोरडा का ठेवलात?" बाळाच्या आईने विचारलं.

"आपल्याकडची रीतच आहे, सूनबाई," सासू कौतुकाने म्हणाली. "बाप्तिस्मा न झालेल्या हाताला खुनाचं पाप लागत नाही. तुझ्या नवऱ्याचाही मी असाच कोरडा ठेवायला लावला होता."

तिने नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. सकाळीच तो नदीपलीकडे, स्कॉटलंडात गावं जाळून आला होता. नखांतलं रक्त धुवायचीही त्याला गरज वाटली नव्हती. पलीकडे तिचं माहेर होतं. तह टिकावा म्हणूनच तर तिला या घरात दिलं होतं! उद्या ही इवलीशी मूठ सख्ख्या मामांवर उठणार, आणि वर निष्पाप म्हणवून घेणार. नवरा रोज तिला लाडाने घास भरवायचा, तोही याच हाताने.

तिने बाळाला हिसकावून घेतलं आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत कुंडात बुडवला. "घ्या! आता लागेल पाप!"

नवरा खो-खो हसला.

"असू दे गं," तो म्हणाला, "पुढच्याचा ठेवू." आणि कधीच न भिजलेला तो हात त्याने सगळ्यांदेखत तिच्या पोटावरून फिरवला.