उपडा फोन

केयूर आणि मी मुलुंडला त्याच्या घरी बसून आमचं ओपन सोर्स पॅकेज, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारं सॉफ्टवेअर, हलकं करत होतो. वापरात नसलेल्या लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोड, काढायच्या, एवढंच काम. एकीवर मात्र तो अडला. ती त्यानेच आणलेली. "राहू दे ना मधू, कुणाला खुपतेय?" "आपला कोड तिला हातसुद्धा लावत नाही," मी म्हटलं आणि ती काढून नवं पॅकेज आमच्या सर्व्हरवर चढवलं. टेबलावर उपडा ठेवलेला त्याचा फोन थरथरू लागला, थांबेचना. "बघ की कोण आहे." "बँकवाले असतील." आमच्या धंद्यात एकदा झालेला घोळ कुणी खरा धरत नाही, तो पुन्हा घडवून दाखवावा लागतो. मी लायब्ररी परत घालून पॅकेज चढवलं. फोन गप्प. केयूर हसला. मी ती पुन्हा काढून पॅकेज चढवलं. फोन थरथरत कडेला आला. "ही काढली की आपल्या सर्व्हरमधली कुणाची तरी चोरवाट बंद होते. आता उचल," मी म्हटलं, "नाहीतर मी उचलते."