सेकंदाला एक शब्द

अंबडचा कारखाना बंद पडल्यावर नवनाथ पन्नाशीत लेकीकडून प्रोग्रामिंग शिकू लागला. आज सकाळी एडिटरमधलं हिरवं बटण दाबलं आणि त्याचा पहिला वेब सर्व्हर सुरू झाला. ब्राउझरमध्ये त्याने लिहिलेला निरोप सेकंदाला एक शब्द असा उमटू लागला. त्याने ‘लोकलहोस्ट’वाला पत्ता मनमाडच्या शाळेत शिकवणाऱ्या बायकोला, छायाला, पाठवला. मधल्या सुट्टीत उत्तर आलं, “बघितलं. फार छान जमलंय!” संध्याकाळी लेक हसली, “पप्पा, तो पत्ता फक्त ह्याच लॅपटॉपवर उघडतो. आईला काहीच दिसलं नसणार.” छाया घरी आल्यावर त्याने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. ‘छाया’... ‘तू’... ‘होतीस’... ‘म्हणून’... खांद्यावरची पर्स काढायचंही ती विसरली. “सकाळी असंच दिसलेलं का गं?” नवनाथने विचारलं. “अगदी असंच,” स्क्रीनकडे पाहतच ती म्हणाली, “थांबा, पुढे काय येतंय बघू द्या.”