उजवा खालचा कोपरा

सातवी स्क्रीनही उजव्या खालच्या कोपऱ्यातूनच गेली होती.

गार्गीने ती टेबलावर पालथी घातली आणि भिंग डोळ्याला लावलं. काचेला तडा नव्हता, साधा ओरखडाही नव्हता. कोपऱ्यातल्या रबरी पट्टीखाली मात्र तपकिरी, चिकट डाग होता. त्याखालची तार हिरवी पडली होती. आधीच्या सहांमध्येही हेच होतं. तिने नाक जवळ नेलं. आंबूस वास. स्पिरिट नव्हे, सलाइन नव्हे. मग काय?

हुडकेश्वरच्या या शेडमध्ये नवजात बाळांना ऊब देणारे वॉर्मर बनत. वर हीटर, खाली गादी आणि समोर गार्गीने डिझाइन केलेली स्क्रीन, बाळाचं अंग किती गरम आहे ते दाखवणारी. आठ मशिनी गेल्या आणि महिन्या-दीड महिन्यात सातांच्या स्क्रीन आंधळ्या झाल्या. प्रत्येक वेळी सिस्टरच्या वेळेत लक्षात आलं. पण गार्गीच्या घरी सात महिन्यांचा विहंग होता, आणि 'वेळेत' हा शब्द काही तिच्या घशाखाली उतरत नव्हता.

"पोरी, तुह्या काचीत दम नाही," मालक रामाजी दारातूनच म्हणाले. "नववी मशीन तीनच्या टेम्पोत जाऊन राहिली. तुह्या काचीची ही शेवटची. सोमवारपासून आपले जुने लाल दिव्यांचे आकडे लावू, अन् तू पॅकिंगचं पाहा."

"साहेब, चार फुटांवरून लोखंडी गोळा टाकलाय मी तिच्यावर. हसत होती काच."

"मंग दवाखान्यात जाऊन काहून रडते?"

गार्गी भिंतीकडे वळली. भिंतीवर बावीस चाचण्यांचा तक्ता होता. गोळा, स्पिरिट, सलाइन, साबण, दूध. प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. तिने एका दवाखान्यात फोन लावला. स्क्रीन ग्लुकोजच्या ओल्या फडक्याने तर पुसत नाही ना कोणी?

"मॅडम, इथं आमाले पाणी प्याले फुरसत नाही," सिस्टर म्हणाली, "तुमच्या स्क्रीनले सरबत कोण पाजते?"

डबा उघडला तेवढ्यात बेसाहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. विहंग मांडी पसरून बसला होता, हातात टीव्हीचा रिमोट. गार्गीने सवयीने आधी त्याच्या आजूबाजूला काय काय पडलंय ते बघून घेतलं. त्याने रिमोट तीनदा फरशीवर आपटला आणि मग त्याचा कोपरा तोंडात घातला.

"बघ वं तुझा इंजिनिअर," सासूबाईंनी रिमोट ओढून घेतला. "आधी आपटतो, मग चोखतो. टिकेल कसं काही या घरात?"

गार्गीचा घास हातातच राहिला.

गोळा टाकलेली स्क्रीन वेगळी होती. भिजवलेली वेगळी. एकाच स्क्रीनला आधी मार आणि लगेच पाणी, असं तिने कधी केलंच नव्हतं. ती तशीच खरकट्या हाताने उठली. कपाटातली नवी स्क्रीन चौकटीत बसवली, चौकटीच्या लोखंडी कोपऱ्यावर गोळा सोडला. काच ठणठणीत. मग वरून निळीचं पाणी ओतलं. क्षणभर काही नाही. मग रबरी पट्टीखालून निळा धागा सरसरत आत गेला.

म्हणजे कोणीतरी त्या कोपऱ्यावर ठोकत होतं आणि लगेच ओलं करत होतं. सात वेगळ्या गावांत, सात वेगळी माणसं, नेमक्या त्याच कोपऱ्यावर? शक्य नव्हतं. मशिनी इथून निघतानाच मार खाऊन निघत होत्या.

आणि आठवी? ती कशी वाचली? तिने नोंदवही काढली. आठवी गेली होती चौदा मार्चला. गार्गी वही घेऊनच पुष्पलताताईंकडे गेली. सगळ्या रबरी पट्ट्या त्याच बसवत.

"ताई, चौदा मार्चच्या मशिनीला तुम्ही काय वेगळं केलं होतं?"

"काईच नाही वं मॅडम." पुष्पलताताई घाबरल्या. "उलट तिचं तर काही झालंच नाही नीट. धावपळीत गेली. साहेब गेटवर आलेच नाही. सोयर होतं त्याइले; कमी दिवसाचा नातू झाला होता, मशीन गेली त्याच दवाखान्यात. मंग नारळ कोण फोडन?"

"कुठे फोडतात नारळ?"

"अवं, मशीनवरच. लोखंडाच्या कोपऱ्यावर. अन् पाणी समद्या मशीनवर शिंपडतात. तुमी दहाले येता, गाडी आठले जाते; आजच काय ती तीनले. तुमी कुठून पाहान?"

गार्गीने घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजायला पाच मिनिटं होती. ती धावत सुटली.

गेटवर टेम्पो उभा होता. मशीन हारात सजली होती. रामाजींनी टोपी सारखी केली, डोळे मिटून पुटपुटले आणि उजवा हात वर नेला.

"साहेब, थांबा!"

हात हवेतच राहिला. टेम्पोवाला हसला. रामाजींचा चेहरा लाल झाला.

"काहून वं? शुभकामात आडवी येतेस? बावीस वर्षं झाली, बिना नारळाची एक मशीन या गेटातून गेली नाही."

"एक गेली, साहेब." गार्गीला धाप लागली होती. "तुमचा नातू अकरा दिवस तिच्याखालीच होता."