दरवाज्यावरचा पोचा

जुन्या ट्रकचा दरवाजा गंजून गेला होता, म्हणून बाबांनी अंगणातच नव्या पत्र्याचा घडवला. महिनाभर खपून तो असा गुळगुळीत केला, की त्यात चेहरा दिसावा. मग हातोडा घेतला आणि मधोमध दणकून पोचा पाडला.

"बाबा, हे काय केलंत?"

"जुन्यावर होता. फाटकाच्या खांबाचा."

तो पोचा कुणी पाडला, यावरून आईबाबांचं तीस वर्षं वाजतंय. आई म्हणते, तिने स्टिअरिंगला कधी बोटसुद्धा लावलं नाही.

आवाज ऐकून ती बाहेर आली. चष्मा लावून वाकली.

"काहीतरीच! चांगला वीतभर खाली होता. मी ट्रक वळवला तेव्हा तो मेला खांब इथे लागला, इथे!"

बाबांनी हातोडा तिच्यापुढे धरला.